'मिलिटरीवाले आणलेत': उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर झालेल्या सुबेदारांची केस

पार्श्वभूमी

मी बेळगावात चार-पाच लहान युनिटांची पीएफ, ईएसआय, हजेरी आणि पगाराची कामं बघतो. कागदावर एचआर कन्सल्टंट, खरं फ्लोअरवर मला सगळे 'पीएफवाले' म्हणूनच ओळखतात. ही केस त्यातल्याच एका फाउंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याची. ओळख पटू नये म्हणून थोडंफार इकडचं तिकडं केलंय, घडलं ते मात्र तसंच ठेवलंय.

युनिट उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, ग्रे आयर्नचं (एक प्रकारचं ओतीव लोखंड) कास्टिंग, पंपाच्या बॉडी आणि ब्रॅकेट. साठेक माणसं. निम्मी माणसं येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी, देसूर आणि पार जांबोटीपर्यंतच्या खेड्यांतली, काही बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी, आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) बिहारची आठ-नऊ पोरं. मालक दुसऱ्या पिढीचे, चाळिशीच्या आतले. मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मिस्त्री त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे, मालकांना अजून 'धाकटे मालक' म्हणणारे. मी त्यांना काका म्हणतो.

बेळगावात फौजी म्हणजे काय नवलाची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथं कॅम्पात आहे, पहिली बटालियन १७६८ ची, आणि सकाळी कॅम्पातून गाडी काढली की रिक्रूटांची पळापळ दिसतेच. ज्युनियर लीडर्स विंगही इथंच, म्हणजे आठ-दहा किंवा तीस-पस्तीस माणसं कशी सांभाळायची हे फौजेतल्या हवालदार-सुबेदारांना शिकवायची शाळाच आमच्या गावात. खेड्यात गल्लीत एक तरी घर पेन्शनीचं निघतं. एवढे फौजी बघून बघून आपल्याला ते कळलेत असं आपल्याला वाटतं, आणि ह्या केसमधली पहिली चूक तिथंच झाली.

अडचण काय होती

अडचण साधी होती, माणसं येत नव्हती. म्हणजे सोमवारी येत नव्हती, गणपतीत येत नव्हती, जुलैत रोप लावायला आणि नोव्हेंबरात भाताच्या सुगीला तर विचारूच नका. गावची जत्रा असली की त्या गावची माणसं एकदम आठवडाभर गायब. २०२२ च्या गणपतीत तीन दिवस भट्टीच लावता आली नाही, वरून कस्टमरचे फोन. रिजेक्शनही वाढलेलं. आधीचा सुपरवायझर डिप्लोमावाला होता, चांगला होता, तो जास्त पगारावर कोल्हापूरला शिरोलीकडं गेला.

मालकांचं एकच म्हणणं, 'शिस्त नाही हो, शिस्त पाहिजे.' मीपण मान डोलवली. माणसं येत नाहीत म्हणजे शिस्त नाही, हे आम्ही दोघांनी धरूनच चाललो. का येत नाहीत, कधी येत नाहीत, कुठल्या गावची येत नाहीत हे माझ्याच मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, लिहिलेलं होतं, आणि ते मस्टर मी महिन्याला एकदा बघत होतो ते फक्त पगार कापायला.

कुणाला घ्यायचं

तीन पर्याय होते. एक, मिस्त्रीकाकांनाच वर घ्यायचं, खरं त्यांना कागदपत्र जमत नाही आणि मोल्डिंग कोण बघणार. दोन, परत एखादा डिप्लोमावाला, म्हणजे वर्षभरात परत तेच. तिसरा पर्याय मी काढला, 'एखादा रिटायर्ड फौजी बघूया की.' मालकांचे डोळेच चमकले.

ओळखीतून एक सुबेदार मिळाले. बेळगाव तालुक्यातलेच, २८ वर्षं सर्व्हिस, वय सत्तेचाळीस, डिस्चार्ज बुकात कॅरेक्टर 'एक्झेम्प्लरी'. बायोडाटा अर्ध्या पानाचा. इंटरव्ह्यू वीस मिनिटं चालला आणि त्यातली पंधरा मिनिटं मालकच बोलत होते, पोरं कशी माजलीत, एकाला सरळ केलं की बाकीचे कसे सरळ होतात वगैरे. सुबेदार नुसतं 'जी साब' म्हणत होते. फौजेत तुम्ही नेमकं काय काम केलं, हा प्रश्न मालकांनी विचारला नाही, मीही नाही. म्हणजे डिप्लोमावाल्याला आम्ही कुठल्या मशीनवर होतास, किती टनाची भट्टी होती, सगळं खोदून विचारलं असतं, आणि ह्या माणसाच्या २८ वर्षांचं आम्हाला एका शब्दात उत्तर मिळालेलं होतं, फौजी.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, खरं सांगतो. आधीच्या सुपरवायझरला तीस हजार होते. सुबेदारांना चोवीस ठरले. मालक म्हणाले, 'त्यांना पेन्शन आहे की.' मी काही बोललो नाही. पेन्शन त्यांनी आधी केलेल्या नोकरीची, आमच्याकडच्या कामाची नव्हे, एवढं साधं वाक्य होतं. मी पगारपत्रक करणारा माणूस, मला ते सुचू नये?

पहिले तीन आठवडे

सुबेदार जूनच्या पहिल्या आठवड्यात, २०२३ साली रुजू झाले. मालकांनी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'आता सुधारा. मिलिटरीवाले आणलेत.'

बस्स, काम तिथंच नासलं. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'मिलिटरी' पडलं. ते येताना दिसले की कोअर शॉपमधली (साच्यात पोकळी ठेवायचे वाळूचे गाभे करतात तो विभाग) पोरं एकमेकाला हळूच 'सावधान' म्हणायची आणि ते गेले की 'विश्राम'. कुणी म्हणायचं अक्कल गुडघ्यात असते ह्यांची. तिसऱ्या दिवशी एकानं जवळ जाऊन विचारलं, 'साहेब, कॅन्टीनचा कोटा मिळतो न्हवं? एक बाटली बघा की आमच्यासाठी.' सुबेदारांनी शर्टाची कॉलर जरा बाजूला करून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. माणूस माळकरी, आषाढीला वारीला जाणारा. तो पोरगा इतका खजील झाला की दोन दिवस त्यांच्या वाटेला गेला नाही.

आता इथं एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. सुबेदारांनीपण ते सोंग घेतलं. मला नंतर त्यांनी स्वतः सांगितलं, 'साब, मला ज्यासाठी ठेवलंय तेच करायला पाहिजे असं वाटलं.' म्हणजे सकाळी पावणेआठला रजिस्टर घेऊन गेटवर, आठ वाजता गेट बंद, आवाज चढा, चेहरा दगडासारखा. हा त्यांचा स्वभावच नव्हता. आपण लोकांवर एक छाप मारतो आणि समोरचा नवा असला, गरजू असला, की तो त्या छापाप्रमाणं वागायला लागतो, मग आपण म्हणतो बघा मी म्हटलं नव्हतं का.

पहिल्या दोन आठवड्यात हजेरी खरंच सुधारली. मालक खूश, मीपण खूश. कोअर शॉपची चार पोरं यायची बंद झाली त्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. गेलेली माणसं गैरहजर धरली जात नाहीत, त्यांचं नाव मस्टरमधून निघतं, म्हणून टक्का चांगला दिसतो. हे मला त्या महिन्याचा पगार करताना कळलं.

तो सोमवार

जूनचा शेवटचा सोमवार. जांबोटी भागातला बावीस वर्षांचा एक पोरगा, लेडलवर, म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून ओतायच्या भांड्यावर, काम करणारा, पस्तीस मिनिटं उशिरा आला. तेव्हा शक्ती योजना नुकतीच ११ जूनला सुरू झालेली, बायकांना बस फुकट, आणि सकाळच्या खेड्याकडच्या बसेस अशा भरून यायच्या की मधल्या स्टॉपवर थांबायच्याच नाहीत. पोरानं दोन बसेस सोडल्या, तिसरीला लटकून आला, पावसात भिजलेला. गेट बंद. सुबेदारांनी नियमाप्रमाणं परत पाठवला. तो काही बोलला नाही, डबा हातात धरून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

दहाच्या सुमाराला हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं मेटल, तयार झाली. लेडलला माणूस कमी. जो बदली माणूस लावला त्याला सवय नाही, चाल धीमी, आणि त्या दिवशी पातळ भिंतीच्या ब्रॅकेटचे बॉक्स, म्हणजे साचे, लाईनीच्या पार शेवटी मांडलेले. तिथंपर्यंत पोचेस्तोवर मेटल थंड. दुपारी नॉकआउट (साचे फोडून माल काढणं) झाल्यावर बघतो तर शेवटच्या दोन रांगांत कोल्ड शट, म्हणजे दोन्हीकडनं आलेलं मेटल मधे एकजीव झालेलंच नाही, भेगेसारखी रेघ. सगळा माल परत भट्टीत.

मालकांनी सगळ्यांसमोर सुबेदारांना झापलं, 'शिस्त लावायला ठेवलं तुम्हाला, माल घालवायला नाही.' सुबेदार 'जी साब' म्हणाले. संध्याकाळी मिस्त्रीकाकांनी मला बाजूला घेतलं, 'मच्छेच्या एका पार्टीचं बोलावणं हाय. मी आणि नऊ जण जाऊलालोय पुढच्या महिन्यात. धाकट्या मालकांस्नी तुम्हीच सांगा.' आणि त्याच रात्री सुबेदारांचा राजीनामा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, एका ओळीचा, सुंदर अक्षरात लिहून फोटो काढून पाठवलेला.

समोर असलेले पर्याय

मंगळवारी मालकांबरोबर बसलो. एक, राजीनामा मंजूर करायचा आणि मिस्त्री थांबवायचा. दोन, मालकांचा पर्याय, 'त्यांना गेटवर सिक्युरिटी इन्चार्ज करूया, तिथं शोभतील.' तीन, चालू द्यायचं आणि उशिराला दोनशे रुपये दंड बसवायचा, म्हणजे गेट बंद करायला नको. चौथा पर्याय त्या दिवशी टेबलावर नव्हताच.

दंडाचं मी तिथंच थांबवलं, कारण ते माझं क्षेत्र. तेव्हा लागू असलेल्या पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट १९३६ च्या कलम ८ प्रमाणं मनाला येईल तसा दंड घेता येत नाही. कशाकशाला दंड ते मंजूर करून आधी नोटीस लावावी लागते, माणसाला आपली बाजू सांगायची संधी द्यावी लागते, आणि महिन्याचा सगळा दंड मिळून पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर जाता कामा नये. उशीर झाला तर तेवढ्याच वेळेचा पगार कापा, विषय संपला.

गेटवर बसवायच्या पर्यायाला मात्र मी हो म्हणणार होतो. सोपा होता, कुणाचा अपमान होतोय असं वरवर दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातपण रिटायर्ड फौजी म्हणजे एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेला माणूस हेच चित्र. ते सांगायलाच मी सुबेदारांना थर्ड गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर भेटलो.

चहा यायच्या आधी, नुसतं बोलायचं म्हणून, मी विचारलं फौजेत तुम्ही काय करत होता. आणि तो माणूस पाऊण तास बोलला. मधली काही वर्षं रेजिमेंटल सेंटरला उस्ताद, म्हणजे रिक्रूटांना शिकवणारे. नंतर कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार, शेवटी क्वार्टर मास्टरच्या स्टोअरला. शंभर-सव्वाशे माणसांचे कपडे, राशन, लेजर, आणि कंपनीचा रजेचा तक्ता. जवानाला वर्षाला साठ दिवस ॲन्युअल लीव्ह आणि तीस दिवस कॅज्युअल, सगळ्यांना सुगीला, गणपतीला, बहिणीच्या लग्नालाच जायचं असतं आणि एकदम सोडता येत नाही, तर ते जुळवायचं काम वर्षानुवर्षं ह्यांनी केलेलं.

म्हणजे आमची जी नेमकी अडचण होती, तिचाच अनुभव घेऊन माणूस तीन आठवडे आमच्या गेटवर उभा होता, आणि आम्ही त्याला ओरडायला लावत होतो.

मी दंडाचं सांगितलं तर ते हसले. 'साब, लोकांना वाटतं फौजेत सुबेदार वाटेल त्याला शिक्षा देतो. रिक्रूटांना रगडा असतो, नाही म्हणत नाही. पण कागदावरची शिक्षा द्यायचा मला अधिकारच नव्हता. चार्ज लागला तर जवान सीओसमोर, कमांडिंग ऑफिसरसमोर, उभा राहतो, साक्षीदार त्याच्यासमोर बोलतो, त्यालापण विचारायचा हक्क असतो.' आर्मी रूल २२, हिअरिंग ऑफ चार्ज, घरी येऊन मी बघितलं, तसंच आहे. आमच्या अंगणात त्या पोराला कुणी विचारलं होतं बस का चुकली म्हणून?

काय केलं

राजीनामा माझ्याकडंच ठेवला आणि मालकांकडं तीन महिने मागितले. मालक लगेच तयार झाले नाहीत, दोन दिवस घेतले. त्यांच्या मनात एकच, 'मऊ फौजी घेऊन मी काय करू?' हे वाक्य त्यांनी खरंच वापरलं.

पहिली गोष्ट सुबेदारांनी स्वतः केली. त्या जांबोटीच्या पोराला बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, 'मी तुला विचारायला पाहिजे होतं, चुकलं.' मला वाटलं आता पोरं डोक्यावर बसणार. तसं काही झालं नाही, उलट त्या दिवसापासून 'सावधान' बंद झालं. मग त्यांनी लेडल, भट्टी, सँड मिक्सर, प्रत्येक ठिकाणी दुसरा माणूस तयार करायला घेतला. 'एलएमजीचा (लाइट मशीनगनचा) नंबर एक पडला तर नंबर दोनला ती उचलायला आलीच पाहिजे,' हे त्यांचं वाक्य पोरं अजून नक्कल करून म्हणतात, आता प्रेमानं.

दुसरी गोष्ट बघायला मी स्वतः होतो. एका शनिवारी दुपारी नॉकआउटच्या मागं जिथं जळलेल्या वाळूचा ढीग असतो तिथं ते उकिडवे बसले होते आणि काळी वाळू हातानं थापत होते. मला वाटलं काय करूलालेत हे. वीट ठेवली ती भट्टी, काड्याच्या पेट्या मांडल्या ते बॉक्स, मोडके कोअर म्हणजे कोअर शॉप, आणि चुन्याची फक्की टाकून लेडलची वाट. सँड मॉडेल. फौजेत हल्ला करायच्या आधी जमिनीचा असा नकाशा करून सगळ्यांना समजावतात, हे मी ऐकलं होतं. फाउंड्रीत वाळू कमी असते होय! पोरिंगची सहा माणसं गोल उभी, आणि सुबेदार हातात काठी घेऊन विचारतायत, 'तू इथून निघालास, पुढं कुठं?' सांगत नव्हते, विचारत होते. एकानं बोट फिरवलं आणि तिथंच दिसलं की कोअरची ट्रॉली आणि भरलेलं लेडल एका जागी एकमेकाला आडवे जातात. रोज जात होते. कुणाला भाजलं नाही हे आमचं नशीब.

मिस्त्रीकाका लांब उभे राहून तंबाखू मळत बघत होते. थोड्या वेळानं आले, वाकले, आणि शेवटच्या दोन काड्याच्या पेट्या उचलून भट्टीच्या विटेजवळ ठेवल्या. 'पातळ माल हितं पाहिजे. गरम मेटल आधी पातळात, जाड मागनं. कवाधरनं सांगूलालो, कोण ऐकतंय?' मोल्ड जसे तयार होतील तसे लाईनीत मांडायची पद्धत होती, पातळ-जाड कुणी बघत नव्हतं, आणि हा माणूस वर्षानुवर्षं ते जाणून होता. सुबेदार उठून उभे राहिले, काठी काकांच्या हातात दिली. मच्छेच्या पार्टीचं काय झालं ते काकांना मी परत कधी विचारलं नाही.

तिसरं, रजेचा तक्ता. ऑफिसच्या भिंतीवर मोठा कागद, बारा महिने, आणि प्रत्येकाला विचारून त्याची गरज आधी लिहायची. रोप लावण, सुगी, कुणाच्या गावची लक्ष्मीची जत्रा, सौंदत्तीकडच्यांना यल्लम्माची पौर्णिमा, बिहारच्या पोरांना छठ. एका सेक्शनमधनं एकावेळी दोनच्या वर नाही, बाकीचं तुम्ही तुमच्यात जुळवा. बिहारी पोरं गणपतीत जास्तीचं काम करायला तयार झाली आणि बदल्यात छठला सगळी एकदम सुट्टी मागितली. ती २०२३ ला १७ नोव्हेंबरला सुरू होत होती, म्हणजे ऐन सुगीत. ह्यावर फ्लोअरवरच दोन दिवस वाद झाला, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषांत, सुबेदार मधे पडले नाहीत. शेवटी चार गेली, बाकीच्यांनी पुढच्या वर्षीचा नंबर लावला. १ नोव्हेंबर, म्हणजे कुणाचा राज्योत्सव तर कुणाचा काळा दिन, त्या चौकोनात सुबेदारांनी नुसतं 'सुट्टी' लिहिलं. त्या दिवशी कुणी कुठं जायचं ते ज्यानं त्यानं बघावं, आपल्याकडं त्यावर न बोललेलं बरं.

चौथं, महिन्यातून एकदा मालकांनी सगळ्यांसमोर बसून ऐकायचं. फौजेत सैनिक संमेलन असतं, जवान आपले पॉइंट सीओसमोर मांडतात, ते लिहून घेतात. मालकांना हे फार जड गेलं. पहिल्या बैठकीत कुणी बोलेना, मग एकानं संडासाच्या कडीचं सांगितलं, दुसऱ्यानं हातमोज्यांचं, आणि मग थांबेनात. अट एकच होती, पुढच्या महिन्यात उत्तर द्यायचं, हो किंवा नाही. मालकांनी दोन गोष्टींना सरळ नाही म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे ते लोकांनी ऐकून घेतलं.

जिथं फौजीपणा नडला

आता सगळं गोडगोड झालं असं नाही. सुबेदारांच्या काही सवयींनी आम्हाला त्रास झालाच, आणि लोक जे म्हणतात त्यातलं थोडं खरं निघालं, फक्त ते ओरडण्याबिरडण्यात नव्हतं.

ऑगस्टमध्ये मालक कोल्हापूरला होते, तिथनं फोन केला, अर्धा लॉट तयार असेल तेवढा पाठवून द्या. सुबेदार म्हणाले लेखी पाठवा. चलन पूर्ण लॉटचं, माल अर्धा, विना कागद माल बाहेर सोडणार नाही. मालकांना वाटलं समजलं, फोन ठेवला. गाडी चार वाजल्यापासून सातपर्यंत गेटवर उभी, ड्रायव्हर शिव्या घालतोय, कस्टमरचा फोन मला. स्टोअर सांभाळलेल्या माणसाच्या हाडात ते मुरलेलं असतं, एक ब्लँकेट कमी भरलं तर त्याच्या नावावर येतं. शेवटी ठरलं की मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे लेखी ऑर्डर, आणि ते त्याचा प्रिंट काढून फाइलला लावणार. अजून लावतात.

दुसरं ह्याहून अवघड. ते मालकांना चारचौघांत कधीच नाही म्हणत नसत. जवानांसमोर वरिष्ठाला तोडायचं नाही, नंतर एकट्यात सांगायचं, ही त्यांची रीत. मालकांची रीत अशी की समोर नाही म्हटलं नाही म्हणजे पटलं. दंडाच्या बाबतीत मालक मला म्हणाले होते, 'सुबेदारांनापण मान्य आहे,' आणि सुबेदार मनातनं पूर्ण विरोधात. तीन आठवडे तो 'जी साब' आम्ही होकार म्हणून मोजत होतो. आता आठवड्याला एकदा दोघं दार लावून पंधरा मिनिटं बसतात, आणि मालकांनी फ्लोअरवर जाऊन पोरांना परस्पर कामं सांगायची नाहीत हेही त्यात ठरलं. दुसरं कलम मालक अजून मोडतात.

निकाल

२०२३ च्या गणपतीत भट्टी एकच दिवस बंद होती, तीही आधी ठरवून. सुगीत ओढाताण झाली, खरं हीट चुकली नाही. रिजेक्शन कमी झालं, आणि ह्याचं सगळं श्रेय मालक सुबेदारांना देतात, ते बरोबर नाही. जुलैत सँड मिक्सरची दुरुस्ती झाली, ओलाव्याचा घोळ थांबला, त्याचाही वाटा आहे, बॉक्सची मांडणी तर काकांचीच. कोअर शॉपच्या चारपैकी दोन पोरं परत आली, दोन नाही आली. पगार सत्तावीस झाला, तीस अजून नाही. मी दर तीन महिन्यांनी विषय काढतो.

परत करायचं झालं तर

इंटरव्ह्यूत ट्रेड आणि शेवटच्या तीन पोस्टिंग विचारेन, डिप्लोमावाल्याला विचारतो तसंच खोदून. फौजेत क्लार्क असतो, ड्रायव्हर असतो, स्वयंपाकी असतो, सिग्नलचा माणूस असतो, गाड्या दुरुस्त करणारा असतो. सगळ्यांचं मिळून एकच 'फौजी' केलं की हातात येतो तो फक्त गणवेश, आणि तो तर त्यांनी उतरवून ठेवलेला.

अंगणातलं ते भाषण होऊ देणार नाही. मला अजून वाटतं टवाळी करणाऱ्या पोरांनी सुबेदारांचं जेवढं नुकसान केलं त्याच्यापेक्षा कौतुक करणाऱ्या आम्ही दोघांनी जास्त केलं. टवाळीला तुळशीच्या माळेनं उत्तर देता आलं. आम्ही 'तुम्ही म्हणजे शिस्त' म्हटल्यावर त्या माणसानं काय उत्तर द्यायचं?

मस्टर आधी गावाप्रमाणं आणि महिन्याप्रमाणं मांडून बघेन, माणूस शोधायच्या आधी. दोन तासाचं काम होतं.

आणि एक पुढचा विचार. जून २०२२ ला अग्निपथ आली, चार वर्षांची भरती, त्यातली २५ टक्क्यांपर्यंतच पोरं पुढं कायम होणार. बाकीची पंचविशीच्या आसपास घरी, पेन्शन नाही, रजेचा तक्ता सांभाळल्याचा अनुभवही नाही. सुबेदारांचा पुतण्या त्यातच आहे. ही पोरं आमच्या गेटवर आली की परत आपण 'फौजी आहे, सुपरवायझर करा' नाहीतर 'फौजी आहे, गेटवर बसवा' हेच म्हणणार असू तर अवघड आहे.

मागच्या महिन्यात मालकांच्या मेहुण्यांचा फोन आला, त्यांचं होनग्याला मशीनशॉप आहे. 'तुम्ही दाजींना दिला तसला एक फौजी बघा की आमच्यासाठी, पोरं लई माजलीत.' मी विचारलं, काम काय आहे, स्टोअर, हजेरी का शिकवणं? ते म्हणाले, 'तसं काय नाही हो, नुसता उभा राहिला तरी चालतंय.' मी त्यांचं मस्टर मागवलंय. अजून आलेलं नाही.